फाटकाला हात लावून ये

टकटक झाली तेव्हा रॉझलिन पेंगेलीचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. आणि टकटक पुढच्या दारावर झाली होती.

आमच्या गावात पुढच्या दाराने कोणी येत नाही. शेजारी, नातलग, पाद्री, बोअरची मोटर दुरुस्त करणारा, सगळे घराला वळसा घालून मागच्या व्हरांड्यात येतात. आधी हाक येते, मग माणूस. पुढचं दार वाजतं ते पोलिसाने वाजवलं तर. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा, ट्रेव्हरचा, धान्याचा ट्रक उलटून तो गेला त्या दिवशी ते वाजलं होतं. पुढे रॉझलिनने आईचं काचेचं कपाट आतून त्या दाराला टेकवून ठेवलं आणि तो विषय संपवला.

त्यामुळे ती पहिल्यांदा दाराकडे गेलीच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. दोनशे पावलांवर रस्त्यालगतचं फाटक, फाटकाशी तिच्या मुलाची, डेन्झिलची, पांढरी पिकअप. सकाळी सातला होती तिथेच होती. आणि गाडीत, स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकून, तो.

म्हणजे तो धड आहे, पोलीस नाही. तिने श्वास सोडला आणि ओरडली, "मागून या!"

मागून आली ती नवी टपालवाली. मॅरिटेस तिचं नाव, फिलिपाइन्सची, गावात येऊन तिला तीन महिने झाले होते. पुढच्या दाराचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण अशा गोष्टी सांगायच्या असतात हेच आमच्या लक्षात येत नाही.

"सही हवी होती मॅडम. पार्सल आहे."

"मॅडम कसली गं! सत्तावीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये पोरांच्या पेस्टीवर सॉस घातलाय मी. रॉझ म्हण. आणि पुढचं दार वाजवू नकोस पुन्हा, काळीज तोंडाशी आलं माझं."

"सॉरी मॅडम. रॉझ मॅडम."

रॉझलिनने एक बोट एप्रनला पुसून सही केली. तरी पोरगी हलेना. हातातली टोपी या हातातून त्या हातात.

"मॅडम, फाटकाशी एक माणूस आहे. गाडीत. तो रडतोय."

"हं."

"मी काच वाजवली. त्याने वर पाहिलं नाही. तुम्ही ओळखता त्याला?"

"माझा मुलगा आहे."

"तुमचा मुलगा!" मॅरिटेसने वळून फाटकाकडे पाहिलं, मग रॉझलिनच्या पिठाच्या हातांकडे. "मग तुम्हाला माहीत नाही का तो आलाय?"

"माहीत आहे. सातपासून आहे तो." रॉझलिनचा आवाज अगदी रोजचा होता. "येईल. झालं की येईल आत."

"झालं की म्हणजे? काय झालं की?"

तिने काही टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच कळलं नव्हतं. आणि एकसष्ट वर्षांच्या रॉझलिनला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की ह्या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने देता येत नाही.

रॉझलिन माहेरची किट्टो. तिचा बाप क्लॅरी किट्टो बंदराच्या धक्क्यावर गव्हाची पोती वाहायचा. त्याने पोरांवर कधी हात उचलला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल कोणी दुष्ट माणूस होता. पोरांना तो लाकडाचे घोडे करून द्यायचा, खेकडे धरायला न्यायचा, रविवारी खांद्यावर घ्यायचा. फक्त कोणी रडायला लागलं, की मान न वळवता म्हणायचा, "जा, फाटकाला हात लावून ये."

बस्स. रागवायचा नाही. पोर जायचं. लाल मातीच्या वाटेवरून फाटकापर्यंत, गार लोखंडाला हात लावायचा आणि परत. जाता जाता रडून घ्यायचं, येता येता तोंड पुसायचं. आत आल्यावर ताट झाकून ठेवलेलं असे, गरम. कोणी विचारत नसे काय झालं होतं. आणि पोर वाटेवर असेपर्यंत कोणी खिडकीतून पाहायचं नाही, हा पक्का नियम. तो मायेचाच नियम होता. माणसाची अब्रू राखायचा.

"किट्टोंची पोरं रडत नाहीत," गाव म्हणायचं, आणि रॉझलिनची मान ताठ व्हायची. ती शिकलेली होती, तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली, मुलांच्या मनाविषयीची पुस्तकं चाळलेली. पण पुस्तक कपाटात असतं आणि बापाचा शब्द जिभेवर. डेन्झिल पाच वर्षांचा असताना त्याचं कुत्रं गाडीखाली आलं. रॉझलिनच्या तोंडून आपोआप निघालं, "जा रे राजा, फाटकाला हात लावून ये." तो गेला. छोटासा निळा सदरा वाटेवरून लहान लहान होत गेला. ती खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. परत येऊन तो म्हणाला, "झालं." तिने त्याला पेस्टी दिली.

पेस्टी म्हणजे करंजीची थोरली बहीण. आत मांस, बटाटा, कांदा, सुरण म्हणावं असा एक कंद. कडेला मुरड घालायची आणि एका टोकाला काट्याने ज्याचं त्याचं आद्याक्षर टोचायचं, म्हणजे अर्धी खाऊन ठेवली तरी कोणाची ते कळतं. खाणीत काम करणाऱ्या आमच्या पणजोबांपासूनची ही रीत.

त्या सकाळीही तिने तेच केलं होतं. सात वाजता पिकअप फाटकाशी थांबलेली पाहिली. एकदाच पाहिलं, मग पाठ फिरवली. किटली ठेवली. पीठ मळलं. आठ पेस्ट्या भरल्या, त्यातल्या एकीवर डी टोचला आणि ओव्हनमध्ये घातल्या. दीड तास पोरगा दोनशे पावलांवर रडत होता आणि आई त्याचं अक्षर टोचत होती.

"मॅडम?" मॅरिटेस म्हणाली.

"काय होतं," रॉझलिन म्हणाली, "आमच्याकडे... आम्ही जात नाही."

हे वाक्य इतकं मूर्खासारखं वाटलं, की तिचे कान तापले. तिने ओव्हनमधून एक पेस्टी फडक्यात घेतली, पायऱ्या उतरली, चार पावलं गेली आणि थबकली. हातातली पेस्टी पाहून तिला लाज वाटली. परत येऊन ती व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली आणि रिकाम्या हाताने निघाली.

ती वाट तिच्या पायाखालची होती. ट्रेव्हर गेल्यावर महिनाभर रोज संध्याकाळी ती स्वतःच फाटकाला हात लावून येत असे. पण फाटकाशी कोणीतरी असताना त्याच्याकडे चालत जाणं, हे आजवर तिने केलं नव्हतं आणि तिच्यासाठी कोणी केलं नव्हतं. कापलेल्या शेतांवर ऊन चढलं होतं. पायजमा, पिठाचा एप्रन, पायात ट्रेव्हरचे जुने बूट. रस्त्यावरून शेजारच्या लॉइडचा ट्रॅक्टर गेला. लॉइडने नेहमीसारखं चाकावरून एक बोट उचललं, आधी डेन्झिलला, मग तिला, आणि समोर पाहत निघून गेला. तो तासाभरापूर्वी उलट दिशेने गेला होता, हे तिने ऐकलं होतं. तेव्हाही त्याने बोट उचललं असणार. भला माणूस. आम्ही सगळीच भली माणसं.

तिने पिकअपचं दार उघडलं आणि शेजारी जाऊन बसली.

डेन्झिलने डोकं उचललं. चौतीस वर्षांचा बाप्या, धान्याच्या कोठारांवर मुकादम, आणि चेहरा पार सुजलेला. आईला पाहून तो दचकला. घाईघाईने बाहीने तोंड पुसू लागला.

"माफ कर आई. झालं नाही अजून. झालं की येणारच होतो."

माफ कर, म्हणाला. रॉझलिनला वाटलं, ह्या शब्दावर आपण गाडीतून उतरून मातीत तोंड खुपसावं.

"असू दे," ती म्हणाली. एवढंच सुचलं. मग, "गरम होतंय. काच खाली कर."

त्याने काच खाली केली. 

"एडीला काल मी फाटकाला पाठवलं," तो म्हणाला.

एडी त्याची आणि त्याच्या बायकोची, टेसची, मुलगी. तीन वर्षांची.

"तिचा फुगा फुटला. रडत होती. मी खुर्चीत बसलो होतो. मी हल्ली खुर्चीतच असतो गं. हिवाळ्यापासून. काम करतो, येतो, बसतो. झोप नाही. टेस काही बोलते, मला तिचे ओठ हललेले दिसतात, बस्स. तर एडी रडत होती आणि मी म्हणालो, जा, फाटकाला हात लावून ये. पॉप आजोबांचाच आवाज, आई. मला वाटलं ती हसेल. तिला कुठे माहीत आहे काही. पण ती गेली. अनवाणी. हात लावला, परत आली, फ्रॉकने तोंड पुसलं आणि म्हणाली, झालं बाबा." त्याचा आवाज फाटला. "तिला कोणी शिकवलं तोंड पुसायला?"

रॉझलिनने आपल्या हातांकडे पाहिलं. उत्तर तिच्या मांडीवर पडलं होतं, पिठाने माखलेलं.

"टेसने आज डॉक्टरची वेळ घेतलीय," तो म्हणाला. "दहा वीसची. म्हणाली, गेला नाहीस तर मी एडीला घेऊन माझ्या आईकडे जाते. भांडत नव्हती. दमलीय ती."

"मग चल की. नऊ वाजत आले."

"तिथेच निघालो होतो. गाडी इथे वळली."

"मी येते बरोबर."

"आत जायला नाही जमायचं मला."

"अरे, त्यात काय एवढं? हल्ली सगळे जातात. रेडिओवर सांगतात, पत्रकं लावलीत बेकरीत. लाजायचं काय त्यात?"

डेन्झिल पहिल्यांदा तिच्याकडे वळला. रागाने नव्हे. लहानपणी गणिताचं उत्तर चुकलं की वळायचा तसा.

"तू गेलीस का?"

"मी? मी कशाला..."

"बाबा गेल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती तुला. समुपदेशनाची. फडक्यांच्या खणात तळाशी आहे. मी तेवीसचा होतो. भांडी पुसायला फडकं काढलं आणि खाली ती. मला इतकं बरं वाटलं, आई. म्हटलं, बरं झालं, आई कोणाशी तरी बोलणार. मग चार महिन्यांनी पाहिलं. तशीच. नाताळात पाहिलं. घडीसुद्धा मोडलेली नाही. तेव्हा मला कळलं, आपल्यात जायचं नसतं."

ती गेली होती खरं तर. निदान निघाली होती. मंगळवारी शहरातून समुपदेशन करणारी बाई यायची, बेकरीसमोरच्या बैठ्या घरात बसायची. आता आमच्या गावात माणसाला तोंड नसलं तरी चालतं, गाडी असते. कोणाची गाडी कुठे किती वेळ उभी आहे, ते गाव वर्तमानपत्रासारखं वाचतं. रॉझलिन त्या घरापुढे पोचली, आणि बेकरीच्या दारात पाव घेऊन ग्लेनिस उभी. दवाखान्याच्या खिडकीवर बसणारी ग्लेनिस, शाळेपासूनची मैत्रीण, जिच्या कानात पडलेलं दुपारच्या चहापर्यंत धक्क्यावर पोचतं. रॉझलिनने हात हलवला, गाडी थांबवली नाही, सरळ चाळीस किलोमीटर पुढे गेली आणि भरलेल्या टाकीत पेट्रोल घालून आली. पंपावरचा माणूस हसला. घरी येऊन चिठ्ठी फडक्यांखाली. तिला वाटलं होतं, ही गोष्ट तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही.

आणि पोरगा अकरा वर्षं ती न मोडलेली घडी वाचत होता. तिने त्याला वाचायला शिकवलं ते जहाजांच्या चित्रांच्या पुस्तकातून, असं ती समजत होती.

"मी भ्याले," ती म्हणाली. "ग्लेनिसला."

डेन्झिलच्या नाकातून एक फुर्र असा आवाज आला. रडताना हसू आलं की येतो तसा. "ग्लेनिसला सगळेच भितात."

"इथेच थांब. हलू नकोस."

ती वाटेने परत निघाली, आणि मागे वळून पाहिलं. नियम मोडून. तो तिच्याकडे पाहत होता.

मॅरिटेस व्हरांड्यातच होती. "मॅडम, ओव्हनमधून वास येत होता. मी बंद केला. काढू का बाहेर?"

"काढ. आणि एक घे तुला. अक्षर नसलेली कुठलीही घे."

"टपाल राहिलंय माझं सगळं."

"मग गाडीत खा. माझ्यामुळे उशीर झाला म्हणून सांग. नाही, थांब," रॉझलिन खण उपसत म्हणाली, "सांग, रॉझ पेंगेलीचा मुलगा रडत होता म्हणून थांबले. खरं तेच सांग."

हे बोलताना तिची मान खाली होती, खणात. फडकी जमिनीवर आली. चिठ्ठी तळाशी होती, कडा पिवळ्या, घडी जशीच्या तशी.

दवाखाना मुख्य रस्त्यावर, बेकरीच्या शेजारी. मागे झाडाखाली गाड्या लावायची जागा आहे, आणि ज्याला कोणाला आपलं दुखणं झाकायचं असतं तो तिथे लावतो.

"मागे घे ना," डेन्झिल म्हणाला. गाडी ती चालवत होती.

"मागे जागा नाही."

"अख्खी रिकामी आहे, आई."

"दिसत नाही मला ऊन डोळ्यांवर आल्यावर," रॉझलिन म्हणाली, आणि पांढरी पिकअप बेकरीच्या बरोब्बर समोर लावली.  धैर्य वगैरे काही नव्हतं ते. लाज एवढी झाली होती की जुन्या लाजेला बसायला जागा उरली नव्हती.

ती आत गेली. डेन्झिल दारात थांबला, एक पाय बाहेर, हात दाराच्या दांडीवर. बाकावर दोन माणसं होती: धक्क्यावरचा एक म्हातारा आणि खोकणारं पोर मांडीवर घेतलेली एक बाई. खिडकीमागे ग्लेनिस.

"अगंबाई, रॉझ! कोपराला पीठ? तू पेस्ट्या टाकून आलीस म्हणजे कोणीतरी मेलंय." ग्लेनिसने चष्मा वर सरकवला. "आणि तो बघ तुझा लेक दारात उभा. आत ये रे डेन्झिल, चावत नाही मी! दात बसवायला दिलेत. काय झालंय त्याला? पाठ का?"

पाठ. आमच्या गावात सगळ्यांची पाठच दुखते. ग्लेनिसने तो शब्द अगदी मायेने पुढे केला होता, पावसात कोणी छत्री धरावी तसा. घे, म्हण पाठ, आणि सूट. रॉझलिनच्या जिभेवर तो आलाही. म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं होतं. पाठीमागून दाराची दांडी कुरकुरली. डेन्झिलने हात सोडला की आणखी घट्ट धरला, ते तिला कळेना. वळून पाहायचा धीर नव्हता.

"पाठ नाही," ती म्हणाली.

"मग?"

"त्याची वेळ घेतलेली आहे. दहा वीसची. काय झालंय ते तो आत सांगेल, तुला नाही." मग तिने चिठ्ठी लाकडी फळीवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती घडी मोडली. कागद घडीवर थोडा फाटला. ग्लेनिसने तारीख वाचली, ओठ हलवून वर्षं मोजली, आणि वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा विनोद हळूच कुठेतरी गेला.

"रॉझ," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आत येतेस का माझ्या बाजूला? इथे सगळे ऐकतायत."

रॉझलिनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, आणि तिने ते पुसलं नाही.

"ऐकू दे," ती म्हणाली. "ही अकरा वर्षांपूर्वीची आहे, ग्लेनिस. मी गेले नव्हते. मला नवी करून हवी आहे."